जातीचा राग ही खुनाची सबब नव्हे

खून करणारा मनुष्य न्यायासनासमोर "मी जातीच्या अब्रूसाठी मारले" असे म्हणाला, तर त्या शब्दांनी त्याचा गुन्हा अधिक जड व्हावयास हवा की हलका? बंधुभगिनींनो, या देशात हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

मुंबईकडील एका खटल्यात, बहिणीने कनिष्ठ मानलेल्या जातीच्या केरळी तरुणाशी विवाह केला म्हणून तिच्या ब्राह्मण भावाने साथीदारांसह त्या तरुणासहित चौघांचा बळी घेतला. डिसेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भावाची फाशी रद्द करून पंचवीस वर्षांचा कारावास ठरविला. फाशीचा दोर आम्हांस प्रिय नाही. तथागतांच्या अनुयायास तो प्रिय असूच नये. आमची हरकत कारणाला आहे. भावाची जातभावना चुकीची असली तरी खरी होती, हे न्यायालयाने सौम्यतेचे कारण मानले! २०११ मध्ये त्याच न्यायालयाने अब्रूच्या नावाखालील हत्येत कसलीही अब्रू नाही, असे बजावले. पण मग न्याय खंडपीठागणिक पालटणार काय? मधल्या काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, आमच्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात मनाविरुद्ध विवाह केलेल्या बहिणीचा शिरच्छेद केल्याचा आरोप सख्ख्या भावावर आला.

दोषाचे मूळ कायद्यात आहे. 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ' झाल्यास खुनाचा गुन्हा खालच्या दर्जाचा ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही हा अपवाद कायम आहे. प्रक्षोभ कोणाच्या मापाने मोजावा? नानावटी खटल्यात १९६१ साली उत्तर मिळाले : आरोपीच्याच समाजवर्गातील समंजस मनुष्याच्या. जेथे सारा वाडा विटाळ मानतो, तेथे हा समंजस मनुष्य शोधावा कोठे? ज्या इंग्रजांकडून आपण ही कल्पना घेतली, त्यांनी २००९ च्या कायद्याने प्रक्षोभाचा जुना बचावच मोडीत काढला. सम्राट अशोकाने तर स्तंभलेखात व्यवहारसमता आणि दंडसमता यांची आज्ञा कोरून ठेवली आहे. मृताची जात, धर्म अथवा जोडीदाराची निवड ही प्रक्षोभाची वा शिक्षेतील सवलतीची सबब होणार नाही, असे एक वाक्य संसदेने कलमात घालावे, ही आमची मागणी आहे. कलम १०३ मध्ये जातीच्या कारणाने केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आहे खरी, परंतु तिला किमान पाच मारेकरी लागतात. बाप आणि भाऊ मिळून दोनच होतात.

खैरलांजीत २००६ साली भोतमांगे कुटुंबातील चौघे मारले गेले, तरीही भंडाऱ्याच्या व नागपूरच्या न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१५ च्या दुरुस्तीने आता मृताची जात आरोपीस ठाऊक होती, एवढे पुरते. आणि आरोपी कुटुंबाच्या ओळखीचा असेल तर ती ठाऊक होतीच, असे न्यायालय धरून चालते. धम्मदीक्षेनंतर हा कायदा आपणांस लागत नाही, अशी समजूत अनेक घरांत आहे. ती खोटी आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातीचा हक्क अबाधित ठेवला आहे. जातीचा दाखला घरात ठेवा, आणि फिर्याद नोंदविताना दोन्ही पक्षांच्या जाती पहिल्याच दिवशी लिहून घ्या.