गाडी थांबत नाही तेव्हा

पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून बँकर लागतात, म्हणजे ढकलायची जादा इंजिनं. पुढे बोरघाट आहे आणि त्यात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. इंजिनं जोडेपर्यंत गाडी थांबते, तेवढ्यात कर्जतचा बटाटावडा खिडकीतून आत येतो. घाट चढून लोणावळ्याला आलं की इंजिनं सुटतात, गाडी पुन्हा थांबते आणि या खेपेला चिक्की आत येते. दोन गावांच्या दोन पदार्थांची जाहिरात रेल्वेच्या इंजिनखात्यानं पिढ्यान् पिढ्या फुकट केली. घाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तो बांधणाऱ्या मजुरांना गूळदाणी विकणाऱ्या एका मिठाईवाल्यापासून चिक्कीचा धंदा उभा राहिला, ही कथा लोणावळ्यात कुणीही सांगेल. कथा किती खरी, हा वेगळा विषय. पण तिच्यात गिऱ्हाईक कुठून आलं ते बघा. मजूर तिथं होतेच, पुढे प्रवासीही थांबलेलेच मिळाले. गिऱ्हाईक शोधायला चिक्कीवाला कधी घराबाहेर पडलाच नाही.

लोणावळ्यातल्या दुकानदारांच्या गप्पांत हल्ली ‘मार्केटिंग’ हा शब्द फार येतो, म्हणून ही उजळणी. धंदा बसला की मार्केटिंग कमी पडलं असं म्हणायची रीत आहे. माझं म्हणणं, इथे ते कमी पडलेलं नाही, ते कधी केलंच गेलेलं नाही. करायची गरजच नव्हती. थांबा होता.

तो थांबा आता हप्त्याहप्त्यानं चाललाय. जुना मुंबई-पुणे रस्ता लोणावळ्याच्या बाजारपेठेतून जायचा. गाडीवाल्याला दुकानं टाळता येत नव्हती. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि पुण्यामुंबईच्या धावपळीतला माणूस गावाबाहेरून जायला लागला. भूक लागली तर फूड मॉल होते. तिथेही चिक्की मिळते, पण तिथला गाळा परवडणारे दुकानदार किती? २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकर न लावताच घाट चढते, आणि तिच्या खिडक्या तर उघडतच नाहीत. आता एक्सप्रेसवेचा खोपोली ते कुसगाव हा ‘मिसिंग लिंक’ नावाचा नवा तुकडा. १३.३ किलोमीटरचा हा मार्ग घाटाला वळसा देतो, आणि त्यातला लांब बोगदा लोणावळ्याच्या तलावाखालून जातो. गावाच्या पोटाखालून मोटारी जाणार आणि वर दुकानात बसलेल्याला त्यांचा हॉर्नसुद्धा ऐकू येणार नाही. याहून स्पष्ट निरोप कुणी काय द्यायचा?

म्हणाल, शनिवार-रविवारी लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, त्याचं काय? खरं आहे. पावसाळ्यात भुशी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. पण ही गर्दी पावसावर येते, सुट्टीवर येते आणि प्रशासनाच्या एका आदेशावर थांबते. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली. त्यानंतर धोक्याच्या ठिकाणी जायला बंदी आली, वेळेचं बंधन आलं. ते योग्यच होतं. पण कणीस भाजणारी बाई, भजीवाला, चहावाला यांचा हंगामच जेमतेम तीन महिन्यांचा, त्यातले दोन वार. त्यातलेही काही गेले. शिवाय ही गर्दी मोबाईलमध्ये धबधबा घेऊन जाते, दुकान नेत नाही. धबधब्याच्या रीलनं चिक्की खपते असं मला तरी अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

मग दुकानदारांनी केलं काय? पाटी मोठी केली. शेजाऱ्यानं मोठी केली म्हणून आणखी मोठी केली. ‘ओरिजिनल’ लिहिलं. ते शेजाऱ्यानंही लिहिलं. दारात पोरगा उभा केला, तो जाणाऱ्या गाडीला रुमाल हलवून बोलावतो आणि ताटलीतून चव देतो. सहलीच्या बसच्या ड्रायव्हरला जेवण आणि वर काही टक्के. सगळा बाजार हेच करतो म्हटल्यावर कुणाचीच सरशी होत नाही, खर्च तेवढा सगळ्यांचा वाढतो. टक्केवारीचा मला विशेष राग आहे. ती देऊन गिऱ्हाईक दुकानात येतं, पण ते ड्रायव्हरचं असतं. उद्या त्यानं पलीकडच्या दारात बस लावली की तेही पलीकडे. वर्षानुवर्षं पैसे मोजून आपल्या नावावर काहीच जमा होत नाही.

शेवटचा उपाय भाव पाडायचा. तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात महाग. चिक्कीत लपवायला जागा नसते. गूळ, दाणे, पाक आणि हात, एवढाच मामला. भाव उतरवला की दाणे उतरतात नाहीतर गूळ उतरतो. पाक जरा कच्चा राहिला तर पावसाळी हवेत चिक्की दुसऱ्या दिवशी नरम पडते, दाताला चिकटते. दुकानात कुरकुरीत लागलेली चिक्की घाट उतरून घरी पोचेपर्यंत तशीच राहील का, हे दुकानदाराला कळत नाही. कारण ती खाणारा माणूस त्याच्यासमोर नसतो.

खरी मेख इथे आहे. लोणावळ्याची चिक्की विकत घेणारा एक आणि खाणारा दुसरा. घेणारा ती शेजाऱ्यांना, ऑफिसात, सासरी नेतो. ज्याच्या हातात शेवटी तुकडा पडतो त्यानं दुकान पाहिलेलं नसतं, पाटी पाहिलेली नसते, पोराचा रुमालही पाहिलेला नसतो. त्यानं पाहिलेला असतो तो पुडा. आणि पुड्यावर काय असतं? ‘लोणावळा स्पेशल’ ठळक अक्षरांत, खाली डोंगराचं आणि झुकझुक गाडीचं चित्र, आणि दुकानाचं नाव कोपऱ्यात. त्याला चिक्की आवडली तर तो पुढच्या वेळी सांगणार, “येताना लोणावळ्याची चिक्की आण.” म्हणजे कुणाचीही आण! आपल्या पाकाचं पुण्य आपण सगळ्या बाजारपेठेला वाटून टाकतो. गावाचं नाव पहिल्यांदा माल विकून देतं. दुसऱ्यांदा विकायचा तर स्वतःचं नाव लागतं.

हे मला कळलं ते चिक्कीमुळे नाही, तांदळामुळे. इंद्रायणी तांदूळ आमच्या मावळातला. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेलं हे वाण १९८७ मध्ये आलं. त्याला आंबेमोहराचा वास आहे आणि उतारा त्याच्याहून बरा. कामशेतच्या बाजारात दिवाळीनंतर तो पोत्यांनी उतरतो. पण वाण म्हणजे बियाणं, आणि बियाणं कुणाच्याही शेतात उगवतं. आज ‘इंद्रायणी’ छापलेल्या पिशव्या सगळीकडे मिळतात. त्यांतला तांदूळ मावळातला असेलच असं नाही आणि निव्वळ इंद्रायणी असेल असंही नाही. चिक्कीसारखंच झालं. नाव मोठं झालं आणि मालकाच्या हातून सुटलं.

पवन मावळातल्या एका बचत गटाच्या ताई मला या बाबतीत आपल्या सगळ्या दुकानदारांच्या गुरू वाटतात. त्या गटाचा तांदूळ पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये विकतात. पहिल्या वर्षी त्यांनी पुण्यात भीमथडी जत्रेत माल ठेवला, खपला, आणि नंतर सगळं शांत. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक वही ठेवली. घेणाऱ्याचं नाव, फोन, किती किलो नेला, घरात खाणारी माणसं किती. एवढंच. माणसं आणि किलो यांचा हिशेब मांडला की कुणाचा डबा कधी रिकामा होणार ते कळतं, आणि त्याच्या आठवडाभर आधी ताईंचा फोन जातो.

“काकू, तांदूळ संपत आला असंल ना?”

समोरच्या काकूंना आश्चर्य वाटतं, हिला कसं कळलं! याला कंपन्यांमध्ये मोठमोठी नावं आहेत आणि त्यासाठी महागडी सॉफ्टवेअर विकली जातात. ताईंची वही शंभर पानी आहे.

वहीपेक्षाही मला त्यांची चिठ्ठी जास्त आवडते. नवा इंद्रायणी चिकट होतो. मोकळ्या भाताची सवय असलेल्या शहरी घरात पहिल्याच दिवशी त्याचा गिचका होतो आणि तांदूळ खराब निघाला म्हणून फोन येतो. ताईंनाही असे फोन आले. पहिल्यांदा त्या भांडल्या, म्हणे, “अहो, नवा तांदूळ असाच असतो!” त्याचा उपयोग झाला नाही. आता प्रत्येक पिशवीत चिठ्ठी असते: हा तांदूळ नवा आहे, पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, आसट भात आवडत नसेल तर दोन-तीन महिने ठेवून मग काढा. तक्रार होणार हे ओळखून ती होण्याआधीच उत्तर पाठवून दिलं. त्या चिठ्ठीनंतर लोक उलट विचारायला लागले, जुना आहे का, त्याचे चार पैसे जास्त देऊ. मालाचा दोष वाटत होता तो मालाचा गुण ठरला, आणि भावही मिळाला.

“तुम्ही जाहिरात काय करता?” मी विचारलं होतं.

“जाहिरात कशाची दादा? ज्यांनी खाल्ला त्यांनाच परत देते मी. नवीन माणूस तेच आणत्यात.”

सगळ्यांना हे जमेल असा माझा दावा नाही. पवना धरणाच्या काठी तंबू लावणाऱ्या पोरांचं दुखणं वेगळंच आहे. शहरात बसलेला एजंट त्यांच्या वतीनं बुकिंग घेतो. फोटो एकाच्या जागेचे, तंबू दुसऱ्याचा, आणि पाहुणा येऊन भांडतो ते तिसऱ्याशी. पाहुण्याचा फोन नंबर एजंटकडे राहतो, पोरांकडे राहते ती ताटं धुवायची. गूगल मॅपवर स्वतःच्या जागेचं स्वतःच्या नावानं खातं उघडणं, त्यावर खरे फोटो टाकणं आणि जाताना पाहुण्याचा नंबर मागून घेणं, एवढं केलं तरी पुढच्या खेपेचं कमिशन वाचतं. काही जण ते करायला लागलेत.

गुलाबवाल्यांची गोष्ट याच्या दुसऱ्या टोकाची. मावळातल्या पॉलिहाऊसमधला गुलाब फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातो. जानेवारीच्या अखेरीपासून दहा-पंधरा दिवसांची तोडणी. त्यासाठी झाडांची छाटणी कधी करायची याचा हिशेब महिनेमहिने आधी मांडलेला असतो. तिकडच्या बाजारात केनिया, इथिओपियाच्या फुलांशी गाठ आणि दांडीची लांबी सेंटिमीटरवर मोजली जाते. तिथे ओळखीपाळखीची वही कामाची नाही. पण इकडे लग्नसराईत देशातला बाजार चढला की शहाणा शेतकरी निर्यातीची हौस बाजूला ठेवून फूल दिल्ली-मुंबईला पाठवतो. एकाच गिऱ्हाइकावर सगळी बाग लावायची नाही, हे त्यांना कुणी शिबिरात शिकवलं नसावं.

शिबिरांवरून आठवलं. सरकारी मदत नाही असं नाही. अन्नप्रक्रिया करणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी २०२० पासून पीएमएफएमई योजना आहे. त्यात कर्जाला जोडून प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. बचत गटांच्या सदस्यांना बीजभांडवल ४० हजारांपर्यंत, आणि गटांना ब्रँडिंगसाठी वेगळी तरतूद. जरूर घ्यावी. माझी तक्रार एवढीच की पैसे आले की लोक सगळ्यात आधी लोगो काढायला जातात. चिक्कीवाल्यानं पहिला रुपया खर्चायचा तर तो हवाबंद पुड्यावर खर्चावा. ताटलीतल्या चवीसाठी वाटायच्या तुकड्यांइतकीच काळजी पुड्यातल्या शेवटच्या तुकड्याची घ्यावी. लोगो नंतरही होतो.

परवा ओळखीच्या एका चिक्कीवाल्या काकांना हेच सगळं सांगत होतो. गाव लहान अक्षरांत आणि तुमचं नाव मोठ्या अक्षरांत करा. पुड्यावर फोन नंबर टाका. घरपोच चिक्की पाठवतो असं लिहा. ज्याला आवडली तो तुम्हालाच फोन करेल, त्याला घाटात यायची गरज नाही. कुरियर आता गल्लोगल्ली आहे. काकांना पटलं. त्यांच्या धाकट्या भावाला पटलं नाही.

“नंबर टाकला तर लोक तक्रारीला फोन करतील.”

“करू देत की,” काका म्हणाले. “आणि नंबर आहेच की रे पुड्यावर. कायद्यानं टाकावाच लागतो.”

आम्ही पुडा उलटा केला. वजन, छापील किंमत, चौदा आकडी परवाना क्रमांक, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत खरोखरच एक ग्राहक सेवा क्रमांक होता. मी तिथंच मोबाईल काढून तो लावला. दुकानात कुठलाच फोन वाजला नाही. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं, मागे बसचा कंडक्टर ओरडत होता.

“काका, हा नंबर कुणाचा?”

काकांनी चष्मा लावून आकडे वाचले आणि भावाकडे पाहिलं. पुडे छापायला टाकले तेव्हा गल्ल्यावर जो पोरगा होता, त्याचा तो नंबर. पोरगा केव्हाच काम सोडून तळेगावला कंपनीत लागला होता.

“तरीच,” भाऊ म्हणाला, “मधे एकदा आला होता भेटायला, तेव्हा म्हणत होता, लोक मला अजून चिक्की मागतात.”