घट्ट वेणीची किंमत

भिवंडीत यंत्रमागांच्या गल्ल्यांतून ये-जा करणाऱ्यांच्या केसांवर सुताची बारीक धूळ बसतेच. ती काढायला रोज कडकडीत पाण्याने न्हाणे, पंचाने खसाखसा पुसणे आणि ओल्या केसांतूनच बारीक कंगवा फिरवणे हा उपाय केसांना महागात पडतो. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून केस आधी टिपून घ्यावेत, मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर गुंता सोडवावा.

दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविकच आहे. खरी काळजी घट्ट वेणीची. शाळेसाठी रोज ओढून बांधलेल्या वेण्यांचा ताण कपाळाच्या कडेच्या मुळांवर येतो. कानशिलांजवळचे केस विरळ दिसताच वेणी सैल केली, तर ते बहुधा परत येतात. वर्षानुवर्षे ताण राहिला, तर मुळे कायमची निकामी होतात. मग कोणतेही तेल किंवा शाम्पू ती जिवंत करत नाही.

शाळांनी नीटनेटकेपणाचा आग्रह जरूर धरावा. पण सैल वेणीही नीटनेटकीच असते. शिस्तीपायी मुलींनी आयुष्यभराचे केस गमावू नयेत.