लहान कामाचे पंचांग

लहान बांधकामाला नियोजन लागत नाही, असा सरकारी कार्यालयांत एक दृढ समज आहे. उड्डाणपुलाच्या वेळापत्रकावर बैठकांमागून बैठका होतात. परंतु अभ्यागतांसाठी एक रॅम्प आणि दोन स्वच्छतागृहे बांधावयाची असली, की अंदाजपत्रकाच्या तळाशी 'कालावधी : सहा महिने' एवढे लिहून भागते. कोणते सहा महिने, हे कोणी विचारीत नाही.

लखनौत मोसमी पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो आणि सप्टेंबरअखेर सरतो. त्या काळात नदीतून वाळू काढण्यास मनाई असते, वीटभट्ट्याही बंद असतात. बाराबंकी, सीतापूर, बहराइचकडून येणारा मजूर भातकापणीला, होळीला आणि एप्रिलमध्ये गव्हाच्या कापणीला गावी जातो. ठेकेदाराच्या तंबीने तो थांबत नाही, आणि त्याने थांबावे तरी का? डिसेंबरअखेरपासून धुके पडते, थंडीत काँक्रीट सावकाश बळ धरते.

कोकणातला शेतकरी मृगापूर्वी घर शाकारून घेतो; त्याचे पंचांग आभाळाकडे पाहून ठरते. आमचे पंचांग ३१ मार्चपासून उलटे मोजले जाते. एप्रिलमध्ये निधी आला, की अंदाजपत्रकाला आरंभ. पावसाळ्यात मंजुऱ्यांचा प्रवास, हिवाळ्यात निविदा आणि फेब्रुवारीत पाया. अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो, तो खर्च एप्रिलपासून सुरू व्हावा म्हणून. पण नकाशाच तयार नसेल, तर लवकर आलेल्या पैशाने काय करावे? मार्चमधील खर्चाला वित्त मंत्रालयाने १५ टक्क्यांची मर्यादा घातली, तीही साऱ्या मंत्रालयाचा हिशेब पाहते. एका रॅम्पची रक्कम तिच्या नजरेत भरत नाही.

येथील एका कार्यालयात नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांकरिता असेच काम निघाले. स्लॅब पडला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. २००० सालच्या आयएस ४५६ मानकानुसार साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू किमान सात दिवस काढू नयेत, आणि मिश्र सिमेंट असल्यास किमान दहा दिवस पाणी मारावे. ३१ तारखेला काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाला तेव्हा टेकू जागेवरच होते. देयक हाती पडल्यावर पाणी मारायला कोण येणार? पहिल्या पावसात छत गळले, दारांना कुलूप लागले. नोव्हेंबरात ऐंशी ओलांडलेले गृहस्थ समोरच्या चहावाल्याला स्वच्छतागृह विचारीत होते.

आसफउद्दौलाने १७८४ च्या दुष्काळात इमामबाडा बांधावयास घेतला. तेथे लोकांच्या हाताला काम मिळणे हाच उद्देश होता, त्यामुळे ते लांबण्यातही अर्थ होता. आमच्या स्वच्छतागृहांना तेवढेही निमित्त नाही.

इमारत नोव्हेंबरात हवी असेल, तर मोजणी नोव्हेंबरपासून मागे करावी. नकाशे, अंदाजपत्रक आणि निविदा आदल्या हिवाळ्याआधी उरकाव्यात. पाया फेब्रुवारीत, भिंती होळीनंतर, गव्हाची कापणी आटोपली की मेमध्ये स्लॅब. उन्हाळ्यात पाणी अधिक मारावे लागेल, त्याची सोय आधीच हवी. फरशी, नळ, दारे ही छताखालची कामे. ती पावसाळ्यात खुशाल व्हावीत. यावर आक्षेप ठरलेला : काम दोन आर्थिक वर्षांत पसरते, निधी परत जाईल. पहिल्या वर्षी पाया आणि भिंतींपुरतीच तरतूद मागितली, तर परत जाण्यासारखे काय उरते?