खुर्ची सोडणे म्हणजे नांगर सोडणे नव्हे

नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयीचे प्रभूचे वचन आपल्या धर्मग्रामांत फार स्वस्त झाले आहे. वीस वर्षे धर्मशिक्षणाचा वर्ग घेणाऱ्या एखाद्या भगिनीने, अंथरुणाला खिळलेल्या पतीसाठी, 'आता दुसरे कोणी पाहा' असे म्हणावे, की तेच वचन तिला ऐकवले जाते. मंडळाच्या चिटणीसाने आपली वेळ संपल्याचे ओळखले तर तो 'पळाला'. न ओळखता चिकटून राहिला तर 'निष्ठावंत'! हा न्याय आम्हांस मान्य नाही. विवाहाचे व गुरुदीक्षेचे वचन वेगळे. त्याविषयी आम्ही बोलत नाही. कार्यकारिणीच्या ठरावाने मिळालेल्या पदाला साक्रामेंताचे वलय कोणी दिले, एवढेच विचारतो.

धरमतरच्या खाडीकडे पाहावे. एकेकाळी मुंबईचा उतारू बोटीने धरमतरला उतरून पुढची वाट धरी. खाडीवर पूल झाला, वाट बदलली. त्या बोटींना कोणी विश्वासघातकी म्हटले नाही.

याच मुलखाची दोन माणसे आठवतात. पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मले. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून देशाचे अर्थमंत्री आणि लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. कारणे लोकसभेत उघड मांडली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या व दिल्ली विद्यापीठाच्या कामात स्वतःला गुंतवून घेतले. रुसून घरी बसले नाहीत.

विनोबांचे उदाहरण अधिक अवघड. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. पुढे सुमारे तेरा वर्षे ते पायी हिंडले. १९६६ मध्ये त्यांनी बाह्य कार्यातून अंग काढले, १९७० मध्ये पवनारचे क्षेत्र न सोडण्याचे ठरवले. (आणीबाणीतील त्यांची भूमिका आम्हांस आजही रुचत नाही, पण तो विषय निराळा.) दानात मिळालेली पुष्कळ जमीन तेव्हा वाटपाविना पडून होती. काम अपुरे असतानाच ते बाजूला झाले, आणि आमच्या मते येथेच खरी कसोटी आहे. काम पुरे झाल्यावर जाईन म्हणणारा कधीच जात नाही, कारण काम कधीच पुरे होत नाही.

आणि आपली ख्रिस्तसभा? १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार बिशपांनी व धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी पंचाहत्तरी पूर्ण होताच राजीनामा सादर करावयाचा असतो. ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलांना पोपच्या निवडणुकीत मत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, शक्ती उरली नसल्याचे सांगून पदत्यागाची घोषणा केली. बिशपांना मर्यादा, कार्डिनलांना मर्यादा. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना मात्र नाही!

जाण्याचीही एक रीत असते. आदल्या रात्री निरोप पाठवून वर्ग वाऱ्यावर सोडणे ही ती रीत नव्हे. पद सोडून पहिल्या बाकावर बसायचे आणि नव्या माणसाच्या प्रत्येक चुकीवर मान हलवायची, हे तर त्याहून वाईट.

आमची सूचना साधी आहे. येत्या वार्षिक सभेत ठराव मांडावा: कोणतेही पद सलग सहा वर्षांहून अधिक एकाकडे नको, आणि जाणाऱ्याने हिशेब, वह्या व किल्ल्या भर सभेत नव्याच्या हाती द्याव्यात. या ठरावाला विरोध कोण करतो, तेही सभासदांनी नीट पाहून ठेवावे.