बातमीची फी कोण भरतो?

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं लोखंडी कॉइलं उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो, त्याचे पैसे मिळत नाहीत. धाकटी बहीण छत्रपती संभाजीनगरला (आमच्या तोंडात अजून औरंगाबादच) एका छोट्या खाजगी विद्यापीठात संवाद आणि माध्यमं शिकते. फीच्या खिडकीवर मीच उभा होतो. शिष्यवृत्तीचं विचारलं. बाबू म्हणाला, "इथं चालत नाही. परवडत नसेल तर दुसरीकडं बघा." वर्षाची फी म्हणजे माझी सात महिन्यांची हजेरी. भरली.

दोस्त विचारतात, एवढे पैसे ओतून पोरगी करणार काय? त्यांच्याच बातम्या वाचणार ना? बाबासाहेबांनी कुठं पत्रकारितेचा कोर्स केला होता?

प्रश्न खरा आहे. 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले. पैसे देऊ केले तरी ‘केसरी’नं त्याची जाहिरात छापली नाही. पुढं 1927 ला ‘बहिष्कृत भारत’, 1930 ला ‘जनता’. याच औरंगाबादेतून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं. कुठला स्टुडिओ होता?

पण दोस्तहो, दुसरी बाजू बघा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं. इथल्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात होते. त्यांच्याकडं रोजचं वर्तमानपत्र, आपल्याकडं मोर्चे आणि पत्रकं. नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडला.

आज काय बदललं? 2019 साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्रीनं इंग्रजी-हिंदी माध्यमांतल्या वरच्या 121 खुर्च्या मोजल्या. 106 सवर्णांच्या. दलित-आदिवासी एकही नाही.

म्हणून शिकायचं. मोबाइल हातात आहे, तेवढ्यानं भागत नाही. बातमी तपासायची कशी, कायदा कुठं पकडतो, अत्याचार झालेल्या बाईला काय विचारायचं नाही, हे शिकावं लागतं. गोदीत काम न शिकता कॉइलाला हात लावला तर पाय जातो.

पण शिकवतात काय? बहीण सांगत होती, ‘दर्पण’ 1832 पासून सुरुवात. टिळक-आगरकर दोन तास. ‘मूकनायक’ एक ओळ. ही उठून म्हणाली, "सर, पुढं सांगा." सर म्हणाले, "सिलॅबसमध्ये नाही." पुढच्या तासाला हिनंच सांगितलं.

93 व्या घटनादुरुस्तीनं खाजगी शिक्षणसंस्थांतही राखीव जागा ठेवायची मुभा दिली. जागा दिली आणि फी मागितली तर दार बंदच की! शिष्यवृत्ती तिथंही मिळाली पाहिजे. हे सरकारकडं भांडून घ्यायचं. सगळ्यांच्या घरात गोदीत राबणारा भाऊ नसतो.

मी हजेऱ्या भरत राहीन. तिला एकच अट घातलीय. नोकरी कुठंही कर. पण गावाकडनं मारहाणीची बातमी आली, तर ‘दोन गटांत वाद’ असं लिहायचं नाही. जात लिहायची. मारणाऱ्याची पण.