निळी गोळी आणि पेशीचे दार

निळी गोळी कोणत्या मुलाने जिभेखाली दडवली आहे, हे ओळखायला बी.एड. लागत नाही. सहावीपासून पुढच्या मुला-मुलींना शाळेत आठवड्यातून एकदा ही गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. लोहाविषयी सगळ्यांनी काही ना काही ऐकलेले असते. फॉलिकचे नाव काढले की मात्र सगळे गप्प. एका विद्यार्थिनीच्या अम्मींनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन विचारले, "आपा, ये गोली खाए तो आगे औलाद नै होती बोलते, सच है क्या?" ही शंका एकट्या त्यांची नाही, म्हणून या वेळचे सदर तिच्यासाठीच. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच राज्यात झाली.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. त्यांचे काम परळच्या हाफकिन संस्थेत चालले. त्या काळी गरोदर बायकांना, त्यातही कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना, एक जीवघेणा पंडुरोग होत असे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या, फुगलेल्या दिसत. विल्सबाईंनी आधी जंतूंचा शोध घेतला. नंतर त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. कोणत्या घरात काय शिजते, याची त्यांनी वर्गवार नोंद केली. सर्वांत निकस आहार आणि सर्वांत जास्त आजार कुठे आढळला? मुंबईतल्या गरीब मुस्लिम बायकांमध्ये. मग तोच आहार त्यांनी उंदरांना देऊन पाहिला. अ आणि क जीवनसत्त्वे देऊन फरक पडला नाही. शेवटी उपयोगी पडला मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क. तो दिल्यावर रोगी बायका उठून बसल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्या अर्कातला अनोळखी पदार्थ पुढे काही वर्षे 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे केले गेले आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. विल्सबाईंचा घटक तो हाच. विल्सबाईंचे नाव पुस्तकात आले, मार्माइटचेही आले. ज्यांच्या ताटावरून हा शोध लागला, त्या आपल्या दादी-परदादींच्या पिढीतल्या बायकांची नावे कोणी घेत नाही.

पण पोटात गेलेले फोलेट पेशीच्या आत जाते कसे? (उर्दू माध्यमात पेशीला 'खलिया' म्हणतात. आपल्या शहरात हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून 'नान-खलिया' ऐकू आलेच म्हणून समजा.) पेशीभोवती चरबीचे एक पातळ आवरण असते. त्याची जाडी अंदाजे ५ नॅनोमीटर, आणि आपला एक केस अंदाजे ८०,००० नॅनोमीटर जाड. या आवरणातून कोणीही उठून आत जाऊ शकत नाही. ठरावीक पदार्थ ओळखून धरणारी प्रथिने तिथे बसलेली असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. फोलेट आत घेण्याच्या वाटा एकाहून जास्त आहेत. त्यांतला 'फोलेट रिसेप्टर' गरोदरपणी फार महत्त्वाचा, कारण वारेच्या पेशींवर तो भरपूर असतो आणि आईच्या रक्तातले फोलेट पकडून बाळाच्या बाजूला पोहोचवतो. उंदरांमध्ये या रिसेप्टरचे जनुक काढून टाकले, तेव्हा पिल्ले गर्भातच दगावली. आईला भरपूर फोलेट दिले तेव्हा काही वाचली.

हा रिसेप्टर आवरणात आरपार घुसलेला नसतो. चरबीच्या एका छोट्या पायावर तो बाहेरून टेकलेला असतो. असे रिसेप्टर पेशीवर सुटे विखुरलेले असतात की घोळक्याने राहतात, हा प्रश्न बरीच वर्षे अडला होता. अडचण प्रकाशाची. साध्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, त्या एकच ठिपका होतात.

या प्रश्नाला वाट बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सापडली. हे केंद्र उभारणारे शास्त्रज्ञ ओबेद सिद्दीकी. अलीगढला शिकलेल्या सिद्दीकींनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. त्यांच्या या केंद्रात सत्यजित मेयर आले. तेही मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. मेयर आणि त्यांचे विद्यार्थी रजत वर्मा यांनी फोलेट रिसेप्टरला चमकणारे द्रव्य जोडले आणि त्याच्यावर एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश टाकला. चमकणारा रेणू एकटा असेल तर तो परत देतो त्या प्रकाशात ही दिशा बरीचशी टिकते. शेजारी अगदी चिकटून दुसरा रेणू असेल तर पहिला आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन टाकतो आणि दिशा हरवते. वर्गात एका मुलाकडे चेंडू टाकला तर तो त्याच्याकडूनच परत येतो. खांद्याला खांदा लावून बसलेल्या पोरांनी तो आपसात फिरवला तर कुठून येईल सांगता येत नाही, तसेच हे. रेणू वेगळे न दिसताही ते किती जवळ आहेत, हे यातून कळले. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिले की हे रिसेप्टर ७० नॅनोमीटरपेक्षा लहान टापूंत एकत्र असतात. २००४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने आणखी बारकाईने पाहिले. काही रिसेप्टर सुटे, तर काही फार तर चार-चारच्या टोळक्यात. ते पेशीच्या आत जातात तेही नेहमीच्या वाटेने नाही, हे २००२ मध्येच दाखवून झाले होते. मला या प्रयोगात आवडते ती गोष्ट ही, की जे डोळ्यांना दिसणारच नव्हते ते त्यांनी प्रकाशाच्या वागण्यावरून ओळखले.

याचा रोजच्या वैद्यकाशी संबंध आहेच. बीजांडकोशाच्या अनेक कर्करोगांत पेशींवर फोलेट रिसेप्टर खूप वाढलेले असतात. म्हणून फोलेटसारख्या रेणूला चमकणारा रंग जोडून तो शिरेतून देतात आणि शस्त्रक्रियेच्या वेळी खास कॅमेऱ्याखाली गाठ चमकते. अमेरिकेत या औषधाला २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

आता मुलींच्या अम्मींनी लक्षात ठेवायची गोष्ट. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. नळी नीट मिटली नाही तर मणका उघडा राहतो, किंवा मूल जगत नाही. ज्या बायकांना आधी असे मूल झाले होते, त्यांच्यावरचा मोठा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. फॉलिक आम्ल घेणाऱ्यांमध्ये हा धोका ७२ टक्के कमी झाला. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. तिचे काम रक्त वाढवण्याचे आहे, नळीसाठी तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मूल हवे असेल तेव्हा दिवस जाण्याच्या आधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक घ्यायचे असते. आपल्याकडे निकाहच्या तयारीत कपडे, दागिने, वलीम्याचा मेन्यू, सगळ्याची यादी होते, या स्वस्त गोळीची होत नाही. आधी असे मूल झालेले असेल, किंवा फिट्सची औषधे चालू असतील, तर मात्र मात्रा वेगळी लागते. ती डॉक्टरांनाच विचारावी.

ताटाचे म्हणाल तर मेथी, पालक, हरभरा, मसूर, मूग यांत फोलेट चांगले असते. ते पाण्यात विरघळते आणि जास्त आचेने नष्ट होते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, आणि पालक उकळून पाणी फेकू नये. कलेजीतही फोलेट पुष्कळ असते, पण त्यात अ जीवनसत्त्व फार असल्याने गरोदरपणी ती टाळतात. निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून पोरे ती थुंकतात. जेवणानंतर द्यावी. मात्र लगेच वर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. शौच काळी झाली तर घाबरू नये, ती लोहाने होते.