उष्णतापंपाची बसवणी : एक प्रत्युत्तर

संपादक महाशय,


उन्हाळ्यात गारवा व हिवाळ्यात ऊब देणाऱ्या वातानुकूलकाची, म्हणजेच उष्णतापंपाची, बसवणी कोणाही कारागिराकडून करून घ्यावी व अर्थिंगचा खर्च वाचवावा, हा आपल्या गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला सर्वथा नामंजूर आहे.

गोंदियाकडे थंडीचा कडाका विशेष असल्याने या यंत्राची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु हल्लीच्या अनेक यंत्रांतील आर-३२ वायू सौम्य ज्वलनशील असल्यामुळे, तांब्याच्या नळ्या जोडल्यावर नायट्रोजनच्या दाबाने गळती तपासणे, सांध्यांना लावलेल्या साबणाच्या फेसात बुडबुडा उठत नाही ना हे मालकाने समक्ष पाहणे, आणि त्यानंतर निर्वात पंपाने आतील हवा व ओलावा काढून टाकणे अपरिहार्य ठरते. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची रूढ पद्धत सर्वस्वी त्याज्य होय. स्वतंत्र वायर, योग्य क्षमतेचा एमसीबी व खात्रीचे अर्थिंग यांची तजवीज परवानाधारक वायरमनकडूनच व्हावी, आणि बाहेरचे युनिट जुन्या मातीच्या भिंतीला न टांगता पक्क्या चौथऱ्यावर बसवावे. किरकोळ काटकसरीपायी घरच्या मंडळींचा आणि शिडीवर चढलेल्या कारागिराचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आपला,
एक वाचक
मुर्री, जि. गोंदिया